औटाचे माप : साडेतीन या संख्येचा शोध

दिवाळीचा पाडवा हा साडेतीन मुहूर्तांपैकी अर्धा. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि विजयादशमी हे तीन पूर्ण मुहूर्त. कार्तिक शुद्ध प्रतिपदा अर्धी. काही ठिकाणी हे अर्धेपण अक्षय्य तृतीयेकडे जाते, पण बेरीज साडेतीनच राहते. मुहूर्त अर्धा कसा असू शकतो, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

जगभर पवित्र मानलेल्या संख्या बहुतेक पूर्णांक आहेत. ख्रिस्ती त्रैक्याचे तीन, ज्यूंच्या दीपवृक्षाच्या सात शाखा, बुद्धाच्या मार्गाची आठ अंगे, जपमाळेचे १०८ मणी, अबजद गणनेने बिस्मिल्लाचे ७८६. महाराष्ट्राने मात्र एका अपूर्णांकाला देव्हाऱ्यात बसवले. आमच्या बेंबळीकडून नवरात्रात पायी तुळजापूरला जाणाऱ्यांना विचारा. तुळजापूर, कोल्हापूर, माहूर ही तीन पीठे आणि वणीची सप्तशृंगी अर्धे, हा हिशेब निरक्षर म्हातारीही चुकत नाही. संस्कृत परंपरेतील शक्तिपीठांच्या याद्या ५१ किंवा १०८ पर्यंत जातात. साडेतीनाची मोजणी ही मराठी मुलखाची आपली. गणपतीचीही मोरगाव, राजूर, पद्मालय आणि अर्धे चिंचवड अशी साडेतीन पीठे सांगतात. इतकेच काय, पेशवाईतले शहाणेसुद्धा साडेतीन : सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे, १७६३ साली राक्षसभुवनच्या लढाईत पडलेला निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर, आणि अर्धे नाना फडणवीस.

या संख्येला मराठीत स्वतंत्र नाव आहे : औट. प्राकृतातल्या 'अद्धुट्ठ'वरून ते आले. अर्थ, ज्यातला चौथा अर्धा आहे असे. जुन्या शाळांत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी यांच्या जोडीला औटकी पाठ करावी लागे. दोनाला सात, चाराला चौदा. सोळा आण्यांचा रुपया आणि शेर-पायलीची मापे होती तोवर बाजारात तिचे काम पडे. निजामी मुलखात चालणाऱ्या हाली सिक्क्यातही आणे सोळाच होते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, मागोमाग किलो-मीटर आले आणि औटकी शाळेतून गेली. माझ्या वडिलांच्या पिढीला ती तोंडपाठ होती. माझ्या पिढीने फक्त नाव ऐकले.

मग ही संख्या पवित्र का झाली? माझ्या मते याचे उत्तर देहात आहे. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. माणूस आपल्याच हाताने साधारण साडेतीन हात भरतो. चरकसंहितेच्या विमानस्थानात शरीराची उंची स्वतःच्या बोटांनी ८४ अंगुळे दिली आहे. २४ अंगुळांचा एक हात, म्हणजे नेमके साडेतीन. हे माप राजाचे आणि रंकाचे सारखेच, कारण मोजणारा हात ज्याचा त्याचा. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातली कुंडलिनीही औट वेढे घालून निजलेली आहे. देहाचे माप आणि देहातल्या शक्तीचे वेढे एकाच संख्येने सांगितले गेले. पीठांची मोजणी या विचाराला जोडून पाहिली की साडेतीन ही देहाची संख्या आहे आणि देवीचा विस्तार हे देहाचेच मोठे रूप आहे, असे दिसू लागते.

आता 'अर्ध्या'चा प्रश्न. नानांना अर्धे म्हणताना लोक उणीव सांगतात : मुत्सद्देगिरी होती, तलवार नव्हती. वणीला तोच निकष लावून तिला कमी लेखणारेही भेटतात. पण ओंकाराकडे पाहा. अ, उ, म या तीन मात्रा आणि वर अर्धमात्रा, मिळून साडेतीन. तिथे अर्धी मात्रा सर्वांत खालची नाही. उच्चारात न मावणारी म्हणून ती सर्वांत वरची. सप्तशतीच्या पहिल्या अध्यायात ब्रह्मदेव देवीला याच अर्धमात्रेच्या रूपात स्तवतो. म्हणजे एकाच अर्ध्याचे दोन अर्थ आहेत : व्यवहारात कमतरता, उपासनेत न मोजता येणारे शिल्लक. पहिला अर्थ पीठांना चिकटवणे हा उपासनेच्या भाषेवर अन्याय आहे.

दूरच्या परंपरेशी तुलना केली की हे अधिक स्पष्ट होते. बायबलमधील दानिएलाच्या पुस्तकात आणि प्रकटीकरणात साडेतीन येते ते संकटाच्या मुदतीच्या रूपाने. ४२ महिने किंवा १२६० दिवस. सात ही पूर्णतेची संख्या, म्हणून तिचे अर्धे तुटलेले, पण टळणारे. आपल्याकडेही 'औट घटकेचे राज्य' म्हणताना हीच छटा डोकावते. घटका २४ मिनिटांची, तेव्हा हे राज्य जेमतेम ८४ मिनिटांचे! पुन्हा तीच ८४. ८४ लक्ष योनी, ८४ सिद्ध, ८४ आसने हेही आठवते. पण इथे थांबले पाहिजे. आकडे जुळले म्हणजे नाते सिद्ध झाले असे नाही. त्या वाटेने गेलेला माणूस संशोधन सोडून भविष्य सांगू लागतो. अंगुळांचे आणि हातांचे नाते मापाचे आहे, म्हणून ते मी धरतो. घटकेचे निव्वळ योगायोगाचे, म्हणून सोडतो.

औटकी पुन्हा शाळेत येणार नाही, येण्याची गरजही नाही. पण तिच्याबरोबर एक समजही जाऊ पाहते आहे : पुरे न भरलेलेही पूज्य असू शकते. आमच्या भागात लिंगायत आणि मुसलमान आपली माणसे मातीत ठेवतात, बाकीचे बहुतेक सरणावर; पण 'शेवटी साडेतीन हात जागा' हे सगळ्यांच्याच तोंडी आहे. तुळजापूरच्या वाटेवर पीठे मोजणारा आणि स्मशानातून परतणारा एकच संख्या उच्चारतो, आणि दोघांनाही ती शिकवावी लागत नाही.