गृहान्तर्रचनेतील अपेक्षाविचार

बांधून झालेल्या निवासातील अवकाश, प्रकाश, साठवण आणि उपकरणे यांची तेथे राहणाऱ्यांच्या जीवनक्रमानुसार केलेली व्यवस्था म्हणजे गृहान्तर्रचना. शोभा हा या व्यवस्थेचा एक परिणाम आहे. प्रयोजन जीवनक्रमातूनच निश्चित होते. म्हणून रचनाकाराने प्रथम अपेक्षांचे स्वरूप जाणले पाहिजे.

अपेक्षा त्रिविध असतात. (१) उक्त : गृहस्थ स्वतः सांगतो त्या, उदाहरणार्थ, देवघराची दिशा किंवा कपाटांची संख्या. (२) अनुक्त : त्याला ठाऊक असलेल्या, पण संकोचामुळे न सांगितलेल्या; खर्चाची खरी मर्यादा बहुधा याच वर्गात मोडते. (३) अज्ञात : सवयीच्या रूपाने देहात वसणाऱ्या आणि म्हणून स्वतः गृहस्थालाही न दिसणाऱ्या.

पहिल्या प्रकाराला प्रश्न पुरतो, दुसऱ्याला विश्वास लागतो. तिसरा केवळ निरीक्षणानेच कळतो आणि खरे कौशल्य तेथेच लागते. स्वयंपाकाच्या ओट्याची पातळी उभ्या व्यक्तीच्या कोपरापेक्षा सुमारे १० ते १५ सेंटीमीटर खाली असणे सामान्यतः सोयीचे मानतात. घरात ठेंगणी सासू आणि उंच सून दोघी स्वयंपाक करत असतील, तर एकाच उंचीच्या ओट्यामुळे एकीचे खांदे तरी भरून येतात किंवा दुसरीची कंबर तरी धरते. दोघीही त्याबद्दल तक्रार करत नाहीत, कारण एक दुखण्याचा दोष वयाला देते, दुसरी कामाला. त्या काम करत असताना जो शेजारी उभा राहून पाहतो, त्यालाच कारण सापडते.

या विवेचनाला एक अभ्यसनीय प्रमाण आहे. नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे १९२४ साली खेरिट रीटव्हेल्ड यांनी ट्रूस श्रोडर यांच्यासाठी घर रचले. रीटव्हेल्ड मूळचे फर्निचर घडवणारे सुतार. श्रोडर नुकत्याच विधवा झालेल्या, तीन मुलांच्या आई. मुलांपासून दूर, बंद खोल्यांत जगणे त्यांना नको होते. म्हणून वरच्या मजल्यावर सरकत्या भिंती आल्या : दिवसा सलग दालन, रात्री स्वतंत्र खोल्या. बांधकामाच्या नियमांत हा मजला बसत नव्हता, म्हणून नकाशात तो माळा म्हणून दाखवला गेला. या योजनेत श्रोडर यांचा वाटा इतका मोठा होता की त्यांना केवळ ग्राहक म्हणणे अपुरे ठरते. त्या सहरचनाकार होत्या. विशेष असे की, त्यापूर्वी १९२१ मध्ये रीटव्हेल्ड यांनी श्रोडर यांच्या जुन्या घरातील एक खोली रचून दिली होती. परिचय आधी, घर नंतर, हा क्रम येथे महत्त्वाचा आहे.

यावरून व्यवसायक्रमाच्या अवस्थाही ठरतात. आरंभी रचनाकार द्रव्य शिकतो : लाकूड, सांधे, मापे. नंतर तो आपली शैली घडवतो, आणि बहुसंख्य येथेच थांबतात, कारण शैलीला कीर्ती मिळते. तिसरी अवस्था दुर्मिळ आहे. तिच्यात तो स्वतःच्या रुचीला दुय्यम स्थान देतो आणि परक्याच्या सवयींना आपले प्रमेय मानतो.

या अवस्थेतील रचनाकाराचे कर्तव्य ताबा दिल्यावर संपत नाही. वर्षभराने त्या घरी पुन्हा जाऊन कोणता कप्पा कधीच उघडला जात नाही, कोणत्या दिव्याखाली कोणी बसत नाही, कोणत्या खुर्चीवर कपडे साचतात, यांची नोंद त्याने केली पाहिजे. पुढील घराचे काम या नोंदींपासून सुरू होते.