भांडी घासण्याच्या यंत्राची कुळकथा

‘स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या’ असा आपल्या मंडळाच्या चिटणीसबाईंनी गेल्या वर्षीही आग्रह केला होता. तेव्हा मी ‘पाहू’ म्हणून वेळ मारून नेली. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. चूल आणि मोरी ह्यांच्या पलीकडचे मी काय लिहिणार? यंदा मात्र मोरीतलाच विषय सापडला, म्हणून धीर केला आहे. भगिनींनी गोड मानून घ्यावे.

विषय निघाला तो आमच्या शेजारणीमुळे. ती वरच्या अंगाच्या एका बंगल्यात अकरा वर्षे धुणीभांडी करीत होती. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा मुंबईचे ते कुटुंब इथेच अडकले आणि शेजारीण आपल्या घरी अडकली. पुढे ये-जा सुरू झाल्यावर ती कामावर गेली, तो ओट्याखाली एक पांढरी पेटी बसलेली! ‘भांडी आता नकोत, केरफरशी तेवढी कर,’ असे सांगण्यात आले आणि पगार निम्मा झाला. तेव्हापासून ती त्या यंत्राला ‘सवत’ म्हणते. मीही मनातल्या मनात ते यंत्र काढणाऱ्या बाबाला शिव्या घातल्या. परंतु मुलीने त्याची माहिती काढून वाचून दाखविली, तेव्हा कळले की तो बाबा नव्हेच, बाई होती!

ज्या १८८६ साली आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या, आणि तो सोहळा पाहण्यास पंडिता रमाबाई अमेरिकेस गेल्या, त्याच सालच्या २८ डिसेंबरला जोसेफिन कॉक्रन ह्या बाईंना भांडी धुण्याच्या यंत्राचे पेटंट मिळाले. ह्या बाई इलिनॉय प्रांतातील शेल्बीव्हिल गावच्या. घरी नोकरचाकर होते, मेजवान्या होत. वडिलोपार्जित चिनीमातीच्या बशा घासताना नोकरांच्या हातून टवके उडत, म्हणून बाई स्वतः धुऊ लागल्या, आणि थोड्याच दिवसांत कंटाळल्या. म्हणजे पाहा, कळवळा हाताचा नव्हता, बशांचा होता! माझ्या आईच्या बोटांच्या बेचक्या पावसाळाभर चिरलेल्या असत. त्यांसाठी कोणी यंत्र काढले नाही. असो.

पण पुढची हकीकत ऐकली आणि माझा राग पुष्कळसा ओसरला. १८८३ साली बाईंचे यजमान वारले आणि मागे कर्ज राहिले. हौसेची गोष्ट आता पोटाची झाली. जॉर्ज बटर्स नावाच्या कारागिराला हाताशी धरून त्यांनी घरामागच्या पडवीत यंत्र उभे केले. तसे पाहता १८५० सालीच जोएल हाउटन ह्या गृहस्थाने लाकडी यंत्राचे पेटंट घेतले होते. त्यात दांडा फिरवून भांड्यांवर पाणी उडवायचे, एवढेच. कॉक्रनबाईंनी आधी बशा, पेले, वाडगे मापले, आणि त्या मापाचे तारेचे कप्पे वळविले. ते कप्पे एका आडव्या चाकावर बसविले आणि चाक तांब्याच्या मोठ्या टाकीत ठेवले. दांडा फिरवला की चाक फिरे आणि खालून साबणाच्या कढत पाण्याच्या पिचकाऱ्या बशांवर बसत. ब्रश नाही, घासणी नाही. घासायचे नाही, पाण्याचा मारा करायचा, ही सारी खुबी त्यात आहे, आणि आजच्या पेटीतही तीच आहे.

यंत्र विकणे हे करण्यापेक्षा अवघड. शिकागोच्या पामर हाउस ह्या मोठ्या हॉटेलाने ते घेतले. नंतर शेर्मन हाउसमध्ये जायचे होते. वडील किंवा नवरा बरोबर नसताना बाई कधी कुठे गेल्या नव्हत्या. त्या हॉटेलाचे दिवाणखान्यासारखे भले मोठे दालन एकटीने ओलांडणे, हे साऱ्या धंद्यातील सर्वांत कठीण काम होते, असे त्यांनी पुढे सांगितले. बँकेत पहिल्यांदा एकटी गेले तेव्हा माझे पाय कसे कापत होते, ते मला आठवले. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या यंत्राला पारितोषिक मिळाले. स्वामी विवेकानंदांचे भाषण गाजले ती सर्वधर्मपरिषद ह्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती.

घरोघरी मात्र ते यंत्र गेले नाही. किंमत फार, आणि साध्या घरात इतके कढत पाणी तापणार कशावर? हॉटेले आणि मोठ्या संस्था हेच गिऱ्हाईक राहिले. बाई १९१३ साली वारल्या. १९२६ मध्ये त्यांची कंपनी होबार्ट कंपनीने घेतली, आणि तिने १९४९ साली किचनएड नावाने घरगुती यंत्र बाजारात आणले. मधल्या काळात इंग्लंडात १९२४ साली लिव्हन्स ह्या गृहस्थाने पुढून दार, आत तारेची चौकट आणि गरगरणारा फवारा असे लहान यंत्र केले होते. १९२९ मध्ये जर्मनीच्या मीले कंपनीचे विजेचे यंत्र निघाले. विजेवरून आठवले, आपल्या वळवण-लोणावळ्याच्या तलावांचे पाणी घाटाखाली सोडून खोपोलीला टाटांची वीज १९१५ साली सुरू झाली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना गेली. आमची आजी त्यानंतरही कैक वर्षे कंदिलाच्या उजेडात भांडी घाशीत होती.

आता आतली करामत. बंगल्याची किल्ली काही दिवस माझ्याकडे होती, त्यामुळे ते यंत्र मी आतबाहेर नीट पाहिले आहे. दार लावले की तळाशी थोडेसे पाणी येते आणि तापते. पंप तेच पाणी पुन्हा पुन्हा वर ढकलतो. खाली आणि मधे पंख्यासारख्या पोकळ दांड्या आहेत, त्यांना तिरकी भोके. भोकांतून पाणी जोराने सुटले की त्याच जोराने दांडी उलट दिशेला फिरते. तिला वेगळी मोटार लागत नाही. तेच पाणी गाळणीतून फिरत असल्याने एका खेपेला साधारण दहा-बारा लिटर पाण्यात भागते. नळ सोडून घासणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. वीज सुमारे एक युनिट जाते, वेळ मात्र दोन-तीन तास. पावडर फेस न होणारी लागते, कारण फेस झाला की पंपाचा जोर मोडतो. तिच्यात मुख्यतः सोड्यासारखा क्षार असतो. आपल्या आया राखेने घाशीत, त्या राखेतही क्षारच; तेलकटपणा त्यानेच सुटे. एवढी पेटी पाहून मला आपली चुलीची राख ओळखीची वाटली.

यंत्रायंत्रांत फरक आहेत ते असे. जुन्या पुष्कळ यंत्रांत फिरणाऱ्या दांड्या नसत. तळाशी पंख्याचे पाते असे आणि ते पाणी भिरकावी. कोपऱ्यातली भांडी तशीच खरकटी राहत. युरोपच्या धर्तीच्या यंत्रात पाणी मऊ करण्याची सोय असते. त्यात जाडे मीठ भरावे लागते. विंधनविहिरीचे जड पाणी असेल तर ते मीठ चुकवून चालत नाही, पेल्यांवर पांढरे डाग पडतात. सुकविण्याचीही तऱ्हा वेगळी. अमेरिकन यंत्रांत बहुधा तळाची तार तापवून भांडी वाळवितात. युरोपच्या यंत्रांत शेवटचे पाणी खूप कढत देतात, आणि मग वाफ पोलादी भिंतींवर थिजून खाली ओघळते. प्लॅस्टिकचे डबे ह्यात ओलेच राहतात. काही रुंद, साठ सेंटिमीटरची, काही पंचेचाळीसची, काही ओट्यावर ठेवायची. न्यूझीलंडच्या एका कंपनीने १९९७ साली खणासारखी बाहेर ओढायची केली. ‘बारा जणांची भांडी’ असे लिहिलेले असते, पण ते बारा जण बशीत जेवणारे! आपली एक कढई, कुकर आणि परात ठेवली की खालचा कप्पा संपला. आपल्या देशात विकताना कंपन्यांनी कढईसाठी सत्तर अंश पाण्याची वेगळी कळ ठेवली, ती उगीच नव्हे. माझ्या मावसबहिणीची सून अमेरिकेत आहे. ती यंत्र चालवीतच नाही, हाताने घासलेली भांडी निथळायला त्यात ठेवते. ताटाळेच केले म्हणा ना!

बंगल्यातही व्हायचे तेच झाले. कोणीतरी ॲल्युमिनियमची पातेली आत घातली, ती काळी ठिक्कर पडून बाहेर आली. पितळी तबकाची झळाळी गेली, पोळपाट तडकला. बिडाच्या तव्याला गंज चढला. अखेर शेजारणीला बोलावणे आले. आता खरकटे काढायचे, काय आत घालायचे आणि काय हाताने घासायचे ते निवडायचे, ताटे एकमेकांना चिकटणार नाहीत अशी लावायची, गाळणी धुवायची, मीठ भरायचे, आणि कोरडी भांडी परत जागेवर लावायची, हे सारे तीच करते. पगार मात्र अजून केरफरशीचाच.

मी कॉक्रनबाईंची गोष्ट तिला वाचून दाखविली. बशा मापून कप्पे केले, एवढे ऐकून ती म्हणाली, ‘मापलं तिनं, पण लावायचं कोणी?’ यंत्र भरण्या-उतरण्याचे वेगळे किती मागावे, हे तिला ठरविता येत नाही. आपल्या मंडळातील आणखी चौघीजणी अशाच बंगल्यांत जातात. पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, असे तिने चिटणीसबाईंना सांगावयास मला बजावले आहे, ते येथेच लिहून टाकते.