गेमिंग माउस निवडताना हाताचे माप आणि बटणांची जागा महत्त्वाची

वाराणसी - बनारस हिंदू विद्यापीठाच्या सिंहद्वाराबाहेरील लंका हा भाग विद्यार्थ्यांच्या नित्याच्या खरेदीचा. देशाच्या सर्व भागांतून, महाराष्ट्रातूनही, येथे शिकण्यास येणाऱ्या विद्यार्थ्यांत संगणकावर खेळणाऱ्यांची संख्या लक्षणीय आहे. महिन्याच्या खर्चातून पैसे वाचवून गेमिंग माउस घेताना खोक्यावरील डीपीआयचे आकडे आणि रंगीत दिवे आधी डोळ्यांत भरतात. मात्र तीन-चार तासांच्या खेळानंतर मनगट दुखते ते बहुधा माउसचा आकार हाताला न जुळल्याने किंवा बटणे भलत्या जागी असल्याने.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून ई-क्रीडेला मान्यता दिली. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी घालताना ई-क्रीडेला त्यापासून वेगळे स्थान दिले. त्यामुळे या उपकरणाकडे केवळ चैनीची वस्तू म्हणून पाहता येत नाही.

डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेतून १९६४ मध्ये तयार झालेल्या पहिल्या माउसचे कवच लाकडी होते आणि त्याला एकच बटण होते. (लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या वाराणसीत ही वस्तू कोणाला परकी वाटली नसती.) आज साध्या गेमिंग माउसवरही सहा बटणे असतात. रेझर कंपनीने २००९ मध्ये आणलेल्या 'नागा' या माउसवर एकट्या अंगठ्यासाठी बारा बटणे होती. असंख्य आज्ञा द्याव्या लागणाऱ्या, शेकडो खेळाडूंच्या खेळांत ती उपयोगी पडतात. 'काउंटर-स्ट्राइक' किंवा 'व्हॅलोरंट'सारख्या नेमबाजीच्या खेळांत मात्र अंगठ्याखाली दोन बटणे पुरतात. अधिक असल्यास ती चुकून दाबली जाण्याचाच संभव अधिक.

खरेदीपूर्वी मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हाताची लांबी मोजावी. माउसची लांबी साधारणपणे त्याच्या साठ टक्के असावी, असा ठोकताळा आहे. हात १८ सें.मी. असल्यास सुमारे ११ सें.मी. लांबीचा माउस सोयीचा ठरतो. हा नियम काटेकोर नाही, कारण धरण्याची पद्धतही पाहावी लागते. संपूर्ण तळहात टेकवणाऱ्यास लांब, पाठीकडे उंच असलेला माउस लागतो. बोटे पंजासारखी वाकवणाऱ्यास किंवा केवळ बोटांच्या टोकांनी धरणाऱ्यास लहान आणि हलका माउस बरा. वजन साठ ते नव्वद ग्रॅमच्या दरम्यान असल्यास बहुतेकांना पुरेसे होते.

बटणांची परीक्षा दुकानातच करावी. माउस नेहमीसारखा धरून अंगठा सैल सोडावा. बाजूची बटणे अंगठ्याच्या किंचित वर असावीत, थेट त्याच्या खाली नव्हेत. पुढचे बटण पकड न बदलता गाठता आले पाहिजे आणि दोन बटणांमधील फट न पाहता, केवळ स्पर्शाने कळली पाहिजे. त्यानंतर माउस उचलून पुन्हा ठेवावा. टेबलावरील जागा संपली की खेळाडू हे वारंवार करतो आणि त्याच वेळी अंगठ्याचा दाब वाढतो. उचलताना बाजूचे बटण दाबले जात असेल, तर तो माउस कितीही नामांकित असला तरी घेऊ नये. चाकामागील डीपीआय बदलण्याचे बटणही असेच पाहावे. ते चाकाला अगदी खेटून असल्यास ऐन खेळात बोट लागते आणि दर्शकाचा वेग अकस्मात बदलतो.

जाहिरातीतील प्रतिसादाच्या आकड्यांना अवास्तव महत्त्व देऊ नये. १२५ हर्ट्झचा माउस दर ८ मिलिसेकंदांनी संगणकाला आपली स्थिती कळवतो, १,००० हर्ट्झचा दर मिलिसेकंदाला. हा फरक खरा आहे. त्यापुढच्या ८,००० हर्ट्झसाठी विद्यार्थ्याने पैसे मोजण्याचे कारण नाही. वाराणसी ते मुंबई हे सरळ अंतर सुमारे १,२५० कि.मी. आहे. काचतंतूतून प्रकाशालाच ये-जा करण्यास किमान १२ मिलिसेकंद लागतात, आणि प्रत्यक्ष जाळ्यात त्याहून अधिक. मुंबईतील सर्व्हरवर खेळणाऱ्याचा विलंब माउसमुळे नव्हे, तर तेथेच होतो.

गंगेकाठच्या या शहरात मे महिन्यात पारा चाळीस अंशांवर जातो आणि पावसाळ्यात हवा दमट असते. घामाने चकचकीत प्लास्टिक निसरडे होते, तर बाजूचे मऊ रबर काही काळाने चिकट होऊन सुटू लागते. किंचित खडबडीत, बिनचकाकीचे प्लास्टिक येथे अधिक टिकते.

अंगठा, तर्जनी व मधल्या बोटाला वारंवार मुंग्या येत असल्यास मनगटातील मज्जातंतूवर दाब येत असण्याची शक्यता असते. अशा वेळी नवा माउस घेण्याआधी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

डावखुऱ्यांची अडचण वेगळीच आहे. दोन्ही बाजूंनी सारख्या दिसणाऱ्या अनेक माउसवर, उदाहरणार्थ लॉजिटेकच्या 'जी १०२' वर, बाजूची बटणे फक्त डाव्या अंगाला असतात. डाव्या हातात ती करंगळी व अनामिकेखाली येतात आणि जवळजवळ निरुपयोगी ठरतात. दोन्ही अंगांना बटणे असलेले माउस मिळतात, मात्र ते थोडे आहेत आणि बहुधा महागही.