ठिणगीचा इतिहास : आसफजाही मोटारखान्यापासून राणीगंजपर्यंत

हैदराबादच्या मोटारींविषयी आजवर जे लिहिले गेले, त्यात ऐश्वर्याचे वर्णन विपुल आणि यंत्राचे विवेचन अत्यल्प आढळते. चौमहल्ला राजवाड्यातील पिवळ्या रोल्स-रॉइस ‘सिल्व्हर घोस्ट’ मोटारीपुढे उभा राहणारा प्रेक्षक तिचे घुमटाकार छत आणि सिंहासनासारखी उंच बैठक पाहून विस्मित होतो. आसफजाही घराण्यातील सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी ती मागविली, परंतु १९११ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे देहावसान झाल्यामुळे १९१२ सालची ती गाडी त्यांचे पुत्र मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत सेवेत आली, हा वृत्तान्तही त्याला सांगितला जातो. मात्र तिच्या बॉनेटखालील सहा सिलिंडरांत अग्नी कसा प्रज्वलित होत असे, हे त्याला कोणी सांगत नाही. माझ्या मते या शहराच्या मोटारविद्येचा खरा इतिहास त्या अग्नीपासूनच आरंभ करावयास हवा.

‘सिल्व्हर घोस्ट’च्या प्रत्येक सिलिंडरला दोन, म्हणजे एकूण बारा प्लग असत आणि त्यांना ठिणगी पुरविणाऱ्या दोन स्वतंत्र व्यवस्था असत. एक मॅग्नेटोची, तिचा विद्युद्दाब एंजिनाच्या गतीतूनच उत्पन्न होत असल्यामुळे मंद गतीत तो क्षीण होई. दुसरी बॅटरीवर चालणाऱ्या ट्रेंबलर कॉइलची. विजेच्या घंटेप्रमाणे तिची जिव्हा कंप पावत राही आणि प्रत्येक कंपनाबरोबर एक, अशा ठिणग्यांची मालिकाच प्लगच्या टोकांशी उमटे. एंजिन थांबताना सिलिंडरात ज्वालाग्राही वायू शिल्लक राहिला असेल, तर हँडल न फिरविता केवळ या कॉइलचा प्रवाह सुरू करून गाडी निःशब्दपणे चालू करता येई. ज्या वाहनाला मिरवणुकीच्या संथ चालीने चालावयाचे, त्याच्या ठायी मंद गतीतही न मंदावणारी ठिणगी केवढी मोलाची होती, हे यावरून ध्यानी यावे.

ही कॉइल मोटारीसाठी जन्मलेली नव्हती. १८३१ मध्ये मायकेल फॅरडे यांनी विद्युत्प्रवर्तनाचा नियम प्रकट केला. पुढे पॅरिसमधील उपकरणकार रूमकोर्फ यांनी तारेच्या थोड्या वेढ्यांवर बारीक तारेचे सहस्रावधी वेढे चढवून दीर्घ ठिणगी देणारे यंत्र सिद्ध केले आणि १८६० मध्ये एत्येन लनोआर यांनी ते आपल्या वायुएंजिनाला जोडले. १९०२ मध्ये बॉश कारखान्यातील गोटलोप होनोल्ड यांच्या उच्चदाब मॅग्नेटोने कॉइलला काही काळ मागे सारले. परंतु चार्ल्स केटरिंग यांनी, १९१० च्या कॅडिलॅक गाडीत आलेल्या आपल्या योजनेने, अनेक ठिणग्यांच्या जागी नेमक्या क्षणी एकच समर्थ ठिणगी देण्याची रीत रूढ केली. प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क, म्हणजे पॉइंट, मिटलेले असताना बारा व्होल्टांच्या आसपासचा प्रवाह कॉइलच्या लोहगर्भाभोवती चुंबकक्षेत्र साठवितो, आणि पॉइंट उघडताच ते क्षेत्र कोसळून बारीक वेढ्यांत सहस्रावधी व्होल्टांचा दाब उसळतो. पुढील अर्धशतकाहून अधिक काळ जगातील बहुतेक पेट्रोल गाड्या याच तत्त्वावर धावल्या.

हैदराबादेत ही विद्या दरबाराच्या देवडीबाहेर पडून सामान्य रयतेच्या कामी आली, ती जून १९३२ मध्ये. निजामाच्या राज्य रेल्वेने त्या महिन्यात आपले मार्गवाहतूक खाते उघडले आणि २७ बसगाड्या व १६६ नोकर एवढ्या अल्प सरंजामावर सरकारी प्रवासी वाहतुकीचा आरंभ केला. विमानांसाठी उभारलेल्या गौलीगुड्याच्या भव्य लोखंडी हँगरचे बसस्थानक झाले आणि जुलै २०१८ मध्ये कोसळेपर्यंत त्या वास्तूने शहराची सेवा केली. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठी जिल्हे तेव्हा याच संस्थानाचे अंग असल्यामुळे या खात्याचा वृत्तान्त मराठवाड्याच्याही इतिहासाचे एक प्रकरण आहे. मोटारखान्यातील एका गाडीसाठी कुशल माणूस राखणे निराळे, आणि रोज ठरल्या वेळी निघणाऱ्या गाड्यांचा ताफा सिद्ध ठेवणे निराळे. पेट्रोलच्या एंजिनात पॉइंटावर चढलेली काजळी, प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणारा पण धुळीने माखलेला डिस्ट्रिब्युटर किंवा पावसाळी दमटपणाने होणारी विजेची गळती, यांपैकी एकही दोष प्रवाशाला मार्गातच उतरविण्यास पुरेसा असतो. म्हणून वक्तशीर वाहतूक ही कोणत्याही दफ्तरातील वेळापत्रकाइतकीच मिस्त्रीच्या बोटांवर अवलंबून असते.

पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले. १९५१ मध्ये हे खाते रेल्वेपासून विभक्त झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्याकडे गेला, आणि १९५८ मध्ये आंध्र प्रदेशाचे मार्ग परिवहन महामंडळ स्थापन झाले. याच काळात मोठी वाहने डिझेलकडे वळली. डिझेल केवळ दाबाने तापलेल्या हवेत पेट घेत असल्यामुळे तेथे कॉइलचे प्रयोजनच उरत नाही. साहजिकच ठिणगीची कारागिरी टॅक्सी, खासगी मोटारी आणि दुचाक्या दुरुस्त करणाऱ्या छोट्या दुकानांकडे आली. १९५१ मध्ये स्थापन झालेली बंगळूरची मायको आणि १९६१ मध्ये मद्रासेत उभी राहिलेली लुकास-टीव्हीएस या कंपन्यांनी ठिणगीच्या व्यवस्थेचे सुटे भाग देशातच घडविण्यास प्रारंभ केला, आणि सिकंदराबादच्या राणीगंजसारख्या सुट्या भागांच्या पेठा या व्यवहाराचे केंद्र बनल्या. अँबॅसडर व फियाट गाड्यांचे पॉइंट पत्तीने मोजून लावणे, कंडेन्सर बदलणे, कॉइल तापल्यावरच गाडी मिसिंग का मारते हे केवळ आवाजावरून ओळखणे, ही विद्या उस्तादाकडून शागीर्दाकडे गेली. तिची सनद कोणत्याही विद्यापीठाने दिली नाही, म्हणून तिची योग्यता कमी ठरत नाही.

आज त्याच परंपरेपुढे टर्बो गाडीने नवा प्रश्न ठेवला आहे. टर्बोचार्जर बाहेर जाणाऱ्या वायूच्या वेगावर चक्र फिरवून सिलिंडरात अधिक हवा कोंबतो. वायूची घनता जितकी अधिक, तितका त्याचा ठिणगीला विरोध अधिक, हा नियम १८८९ मध्ये पाशेन यांनी मांडला होता. म्हणून जो प्लग साध्या एंजिनात विनासायास पेटतो, तोच टर्बोचा दाब वाढविल्यावर भर वेगात ठिणगी गमावतो आणि एंजिन अडखळते. एका कॉइलने चार सिलिंडर सांभाळावयाचे, तर मिनिटास ६,००० फेऱ्यांच्या वेगाने तिला सेकंदास २०० ठिणग्या द्याव्या लागतात, म्हणजे प्रत्येकीच्या सिद्धतेस अवघे ५ सहस्रांश सेकंद मिळतात. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसविल्यास हाच अवकाश २० सहस्रांश सेकंद होतो. आधुनिक गाडीत एका प्लगला एक कॉइल का असते, याचे एक प्रधान कारण हेच होय.

यापुढे जाऊन कारखान्याच्या कॉइल काढून अधिक शक्तीच्या बसविण्याची हौस तरुण मोटारप्रेमींत दिसते, आणि तीत मला जिज्ञासेचे स्वागतार्ह लक्षण वाटते. परंतु तिला विवेकाची जोड हवी. कॉइल स्वतः शक्ती निर्माण करीत नाही. सिलिंडरात जे इंधन आणि जी हवा आहे, त्यांना निश्चितपणे पेटविणे एवढाच तिचा अधिकार. मूळची ठिणगी चुकत नसेल, तर महागड्या कॉइलने गाडीचे बळ वाढावयाचे नाही. प्रथम प्लगची अवस्था पाहावी, आवश्यक तर त्याची गॅप किंचित कमी करावी, बॅटरीचा दाब व अर्थिंगची जोडणी तपासावी, कॉइलला प्रवाह साठविण्यास मिळणारा अवधी जाणून घ्यावा, आणि वाढविलेल्या दाबाला एवढ्यानेही पुरे पडत नाही असे ठरल्यावरच कॉइल बदलावी. दोष शोधण्याचा हा क्रम पॉइंटाच्या काळातील मिस्त्रीही पाळीत असे. नवीन आहे ते केवळ साधन.

११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेनसागराच्या काठी फॉर्म्युला ई शर्यत झाली, आणि भारतात प्रथमच त्या मालिकेतील विजेच्या गाड्या धावल्या. त्यांत ना प्लग होते, ना कॉइल. ज्या शहराने एका शतकात ट्रेंबलर कॉइलपासून टर्बोपर्यंतची सर्व स्थित्यंतरे पाहिली, त्याने ठिणगीवाचून चालणारी मोटारही पाहिली. एखाद्या विद्येची गरज ओसरू लागते, तेव्हाच तिची नोंद करण्याची निकड सर्वाधिक असते, कारण ती जाणणारी माणसे अद्याप हयात असतात आणि विचारल्यास सांगण्यास सिद्ध असतात. निजामांच्या गाड्या संग्रहालयात सुरक्षित आहेत. त्यांच्या शेजारी एका साध्या मेजावर ट्रेंबलर कॉइल, पॉइंटांचा डिस्ट्रिब्युटर आणि प्लगवरची आजची कॉइल मांडावी, आणि राणीगंजच्या वृद्ध उस्तादांकडून त्यांचे कार्य व दोष वदवून घेऊन ते मराठी, तेलुगू आणि उर्दू या तिन्ही भाषांत लिहून ठेवावे. हैदराबादच्या अभ्यासकांनी हे कार्य हाती घेतले, तर राजाच्या मोटारीबरोबर ती चालती ठेवणाऱ्या हातांनाही इतिहासात त्यांचे न्याय्य स्थान लाभेल.