सायकलच्या साखळीचे वंगण

सायकलच्या साखळीतील खीळ व पुंगळी यांमधील झीज रोखणारे तेल. पुंगळी व रूळ असलेली साखळी हान्स रेनल्ड यांनी १८८० मध्ये तयार केली. १८८५ च्या ‘रोव्हर’नंतर साखळीची सायकल रूढ झाली. पूर्वी यंत्रांना एरंडेल व चरबी लावीत. १८५९ मधील पेनसिल्व्हेनियातील तेलविहिरीनंतर खनिज तेल सुलभ झाले. जवसाचे तेल हवेने सुकून चिकटते. एरंडेल सुकत नाही, परंतु दाट असल्याने सांध्यात सावकाश झिरपते. शिंदखेड्यासारख्या (जि. धुळे) कोरड्या मुलखात बाहेर राहिलेले तेल धूळ धरते व तिच्यासह साखळी घासते. म्हणून उन्हाळ्यात पातळ खनिज तेल थेंबाथेंबाने सांध्यांत सोडून वरचे पुसावे. पावसाळ्यात किंचित दाट तेल वापरावे. रॉकेल साखळी धुण्यापुरतेच उपयोगी, ते वंगण नव्हे.