पानाची मांडणी कुणी ठरवली : संपादकाने की यंत्राने?

जुन्या मासिकांवर काम करायचं ठरवलं की आपण बहुतेक वेळा मजकूरच वाचतो. लेख कुणी लिहिला, त्यात काय म्हटलंय, एवढ्या नोंदी काढून मोकळे होतो. पण फोटो कुठे आहे, केवढा आहे, रंगीत चित्र लेखापासून इतकं लांब का, हाही पुरावाच असतो. तो वाचताना एक धोका मात्र आहे. आजच्या सवयीने पाहिलं तर पानावरची प्रत्येक गोष्ट संपादकाची निवड वाटते. प्रत्यक्षात कितीदा तरी ती यंत्राची मर्यादा असते.

शंकरराव किर्लोस्करांचं उदाहरण घेऊ. ‘किर्लोस्कर खबर’ 1920 साली किर्लोस्करवाडीत सुरू झालं, ‘स्त्री’ 1930 मध्ये आणि ‘मनोहर’ 1934 मध्ये. पुढे ही मासिकं पुण्यातून निघू लागली. शंकरराव स्वतः चित्रकार, म्हणजे दृष्टीची कमतरता नव्हती. पण पान जुळायचं ते खिळ्यांनी. फोटोसाठी धातूचा ठसा, म्हणजे ब्लॉक, करून घ्यावा लागे आणि एकदा केलेल्या ब्लॉकचा आकार बदलत नसे. मजकूर चित्राच्या कडेने वळवायचा तर जुळाऱ्याला प्रत्येक ओळ वेगळ्या मापाची जुळवावी लागे. अशक्य नव्हतं, पण वेळखाऊ होतं. म्हणून चित्रं बहुधा चौकोनी. रंगीत चित्र गुळगुळीत आर्ट पेपरवर वेगळं छापून अंकात घालत, त्यामुळे ते आपल्या लेखाशेजारी येईलच असं नाही.

आता समजा, एखाद्याने प्रबंधात लिहिलं, ‘लेखिकांचे फोटो छोटे छापले, यावरून त्यांचं दुय्यम स्थान दिसतं.’ असेलही तसं. पण त्याच अंकात लेखकांचे फोटो केवढे आहेत? तोच ब्लॉक आधीच्या एखाद्या अंकात वापरलाय का? हे न तपासता काढलेला निष्कर्ष मौखिकीत टिकत नाही.

ऑफसेट आल्यावर मधला काळ कात्री आणि गोंदाचा होता. मजकुराचे ब्रोमाइड कापून कागदावर चिकटवायचे, मग फिल्म, मग प्लेट. 1985 मध्ये पेजमेकर आणि 1990 मध्ये फोटोशॉप बाजारात आलं आणि हे टेबल हळूहळू पडद्यावर गेलं. माणसाची आकृती पार्श्वभूमीतून कापून काढणं, तिच्याभोवती मजकूर वळवणं, फोटो दोन पानांवर पसरवणं हे माउसच्या काही क्लिकमध्ये होऊ लागलं. त्यामुळे या काळातली मांडणी संपादकाच्या किंवा मांडणीकाराच्या पसंतीबद्दल जास्त खात्रीने बोलते.

पण इथे मराठीची वेगळी अडचण होती. ही सॉफ्टवेअर परदेशी, त्यांना देवनागरी कळत नव्हती. त्यावरचे मोठे उपाय पुण्यातच झाले: 1988 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकचं जिस्ट तंत्रज्ञान आणि मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी. अशा फॉन्टची युक्ती साधी होती. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवायचे. पडद्यावर ‘कि’ दिसतं, फाइलमध्ये मात्र आधी वेलांटीचा तुकडा आणि मग ‘क’चा. युनिकोडमध्ये क्रम उलटा, आधी ‘क’. इनडिझाइनमध्ये युनिकोड देवनागरी नीट बसवण्याची अधिकृत सोय 2012 च्या सुमारास आली, तोवर कितीतरी अंक जुन्या फॉन्टमध्येच लागत राहिले.

याचा आपल्याला फटका बसतो. अशा अंकाची पीडीएफ दिसायला झकास असते, पण शब्द शोधायला गेलात तर सापडत नाही. परिच्छेद कॉपी केला की रोमन चिन्हांचा कचरा हाती येतो. मूळ पेजमेकर फाइल मिळालीच, तर ती उघडणारं सॉफ्टवेअर आणि नेमका तोच फॉन्ट हवा. म्हणजे गंमत बघा, 1930 चा छापील अंक स्कॅन करून आज वाचता येतो आणि 1998 ची संगणकीय फाइल अडून बसते. अलीकडचा काळ आपोआप जपला जाईल या भ्रमात राहू नका.

तेव्हा विषय ठरवतानाच प्रत्येक अंकाची नोंद करा: छपाईची पद्धत कोणती, चित्रं आणि मांडणी कुणाची (अनुक्रमणिकेच्या पानावर बारीक अक्षरात नाव असू शकतं), आणि डिजिटल प्रत असेल तर फॉन्ट कोणता. जुन्या फॉन्टच्या मजकुराचं युनिकोड रूपांतर केलंत, तर जोडाक्षरं आणि रफार छापील प्रतीशी ताडून बघा. आणि ज्यांनी ही पानं लावली ते डीटीपी ऑपरेटर अजून आपल्यात आहेत. त्यांच्या मुलाखती आत्ताच घ्या.