हाताला काम, कामाला दाम

श्रोतेहो, दुष्काळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे भेगाळलेली जमीन येते, दावणीला हंबरणारी गुरं येतात. पण ज्याच्या घरी जमीनच नाही, त्या विणकराचा दुष्काळ कसा असतो?

१८९६-९७ सालची सोलापूरची गोष्ट घ्या. विणकराचा माग शाबूत होता, हातही शाबूत होते. परंतु लुगडी विकत घेणारा शेतकरीच नागवला गेला आणि माग थांबले. सरकारी मदत म्हणजे दुष्काळी कामावर जाऊन खडी फोडायची! आता तुम्हीच सांगा, तुटलेला धागा सांधणाऱ्या बोटांत हातोडा दिला, तर पुढे त्या बोटांनी विणायचं कसं? लोकमान्य टिळकांनी सोलापुरास जाऊन, तिथल्या व्यापाऱ्यांना बरोबर घेऊन, विणकरांना त्यांच्याच धंद्यात काम देण्याची योजना आखली. मुंबई सरकारने ती मानली नाही.

हाच प्रश्न पुढे कच्छात उभा राहिला. १९६९ साली तिथे दुष्काळ होता. मुंबईच्या चंदाबेन श्रॉफ मदतकार्यासाठी धाणेटी गावी गेल्या. तिथल्या बायकांना फुकटचं अन्न घेणं जड जात होतं. त्यांना काम हवं होतं. त्यांच्या अंगावरचं भरतकाम चंदाबेनच्या नजरेत भरलं. त्यांनी ३० साड्या भरतकामासाठी दिल्या, त्या मुंबईत विकल्या गेल्या, आणि त्यातूनच ‘श्रुजन’ ही संस्था उभी राहिली.

पुढे २६ जानेवारी २००१ रोजी कच्छात मोठा भूकंप झाला. धमडका हे अजरख छापणाऱ्या खत्री कारागिरांचं जुनं गाव. तिथली घरं तर पडलीच, पण मोठा घाव बसला तो पाण्याचा. भूकंपानंतर पाण्यात लोहाचं प्रमाण वाढलं. अजरखचं कापड पुन्हा पुन्हा धुवावं लागतं, आणि लोहाच्या पाण्याने रंग बिघडतो. म्हणजे घर पुन्हा बांधून दिलं तरी धंदा उभा राहणार नव्हता! तेव्हा अनेक कुटुंबांनी भुजजवळ नवं गाव वसवलं. त्याचं नाव ठेवलं अजरखपूर. धंद्याचंच नाव गावाला दिलं, बरं का!

अशा वेळी कारागिराला लागतं काय? धान्य, औषध, छप्पर हे तर हवंच. पण पुढे सूत, कापड, रंग घ्यायला भांडवल लागतं. ते सावकाराकडून आणलं, तर माल तयार होण्याआधीच गहाण पडतो. म्हणून न्याय्य व्यापाराच्या जागतिक संघटनेचा एक नियम आहे: कारागिराने मागितल्यास खरेदीदाराने हस्तकलेच्या मालाची निदान निम्मी रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावी. आणखी एक गोष्ट म्हणजे खरेदी कायम चालू ठेवावी. दयेपोटी घेतलेला माल एकदाच खपतो. चांगला म्हणून घेतलेल्या मालाला गिऱ्हाईक परत येतं.

शिक्षकबंधूंना एक विनंती आहे. आपल्या गावात विणकर, कुंभार, बुरूड असतील, तर मुलांना एकदा त्यांच्याकडे न्या. एका वस्तूला किती दिवस लागतात, कच्च्या मालाला किती पैसे पडतात, हे मुलांनी विचारावं आणि वहीत हिशेब मांडावा. मग बाजारातला भाव त्याच्या शेजारी लिहावा. उद्या त्या घरावर संकट आलं, तर नेमकी कोणती मदत करायची, हे त्या वहीवरून कळेल.